दुसऱ्याच्या ताटलीतलं बिस्कीट

बोटिल्डचं ओटचं बिस्कीट मोडताना आवाज यायचा. टक्. तो आवाज खरं तर तिचा नव्हता, तिच्या सासूचा होता. लग्न करून ती या घरात आली तेव्हा सासूनं कपाटाच्या किल्ल्या दिल्या नाहीत की चांगल्यापैकी चादरी दिल्या नाहीत. बिस्किटांचा पत्र्याचा डबा मात्र दुसऱ्याच आठवड्यात तिच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "गावच्या कॉफीला यापुढे ही तू न्यायचीस. मऊ पडली तर माझं नाव सांगू नकोस."

मऊ पडून चालणारच नव्हतं. गावच्या हॉलमध्ये गुरुवारी दुपारी कॉफी असते, तेव्हा टेबलावर सात पदार्थ मऊ आणि सात कडक लागतात. कुठल्या घरानं काय आणायचं हे आज्यांच्या काळात ठरलंय आणि ते बदलावं असं कुणाच्या मनातही येत नाही. एल्नाकडचा राय धान्याच्या काळ्या पावाचा केक मऊंत पहिला. समोरच्या घरातल्या मेताकडची व्हॅनिलाची कडी, म्हणजे अंगठीसारखी गोल बिस्किटं, कडकांत. त्यांच्या शेजारी बोटिल्डची ओटची बिस्किटं. कॉफी झाली की गाणी, आणि गाण्याचा पहिला सूर बोटिल्डचा नवरा निस लावणार. निस दुधाचा टँकर चालवायचा. निवृत्त झाल्यावर टँकर गेला, पण टँकरमध्ये एकट्यानं गाऊन गाऊन कमावलेला खर्जाचा आवाज राहिला. तो नसला तर एल्ना सूर लावते. मग अर्धा हॉल दुसऱ्या कडव्यालाच गप्प होतो, कारण तेवढ्या उंचावर कुणाचाच गळा पोचत नाही.

ऑक्टोबरात निसला साखर निघाली आणि त्याच आठवड्यापासून तो गुरुवारी घरी बसायला लागला.

"गुडघा दुखतो म्हणून सांग," तो म्हणाला.

"गुडघा? काल शिडीवर चढून पन्हळ साफ करत होतास."

"मग पाठ सांग."

"अरे, साखर झाली तर झाली. गावात काय तू पहिला आहेस?"

"रिकामी ताटली पुढ्यात घेऊन मी बसणार नाही, बोटिल्ड. सगळे विचारणार, आणि विचारलं नाही तर बघणार. त्यापेक्षा पाठ दुखलेली बरी."

बोटिल्डनं मनाशी ठरवलं की ओटच्या बिस्किटांतली साखर काढायची. टेबलावर एक तरी पदार्थ असा ठेवायचा की जो निसनं बिनघोर खावा. साखर काढायची, त्यात काय मोठंसं? वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात तिनं उभा जन्म काढला होता. साखरेची माणसं तिथंही होती. त्यांना खीर बिनसाखरेची, बाकी बटाटे हवे तेवढे, पाव हवा तेवढा. तिला ते सगळं पाठ होतं.

दवाखान्यातल्या नर्सनं ते पाठ केलेलं एका वाक्यात पुसून टाकलं. "बटाटे कमी करा. पाव कमी करा. नुसती साखर काढून भागत नाही, पिठाचीही पोटात साखरच होते."

"आणि ओट?"

"ओट चांगले."

"म्हणजे ओट चालतील?"

"बेतानं. त्यातही पिष्ट असतंच."

"चांगले आहेत, पण नाहीत," बोटिल्ड म्हणाली.

नर्स हसली. "तसंच काहीसं. एखाददुसरं बिस्कीट खाऊ द्या. ताटलीभर नको."

घरी येऊन तिनं भाचीला फोन लावला. ही भाची, मालेने, कोल्डिंग शहरात राहते. दोन वर्षांपूर्वी तिनं पाव सोडला आणि तेव्हापासून ती दुसऱ्या कशावर फारसं बोलत नाही. "ओट? मावशी, ओट म्हणजे निव्वळ कार्ब! बदामाची पूड घे. मैदा अजिबात नको. साखरेऐवजी ती पांढरी पूड मिळते ना, ती घाल. आणि धरून ठेवायला इसबगोल."

"इसबगोल आम्ही पोट साफ होत नसेल तर घेतो."

"तेच ते. बिस्किटांतही घालतात."

"आणि खाल्ल्यावर?"

"काही होत नाही गं. एवढ्याशानं."

पहिल्या घाण्यात बोटिल्डनं मैदा काढला, निम्मे ओट काढले, बदामाची पूड घातली, पांढरी पूड घातली आणि इसबगोल डोळे मिटून घातला. सासू वारली होती हे बरंच होतं. लोणी तेवढं तिनं पूर्वीइतकंच ठेवलं. लोण्याबद्दल कुणीच काही बोललं नव्हतं, म्हणून तिनंही विचारलं नाही. ओव्हनमधून जे बाहेर आलं ते फिकट, फुगीर आणि गप्प होतं. मोडलं तर वाकलं. तोंडात घातलं तर जीभ गार पडली, पेपरमिंट चघळल्यासारखी.

"कसं आहे?" तिनं निसला विचारलं.

निसनं बराच वेळ चावलं. "दात घासल्यासारखं वाटतंय."

सगळा घोळ असा होता की साखर नुसती गोडीला नव्हती. तीच बिस्किटाला तपकिरी करत होती, तीच पसरवत होती, तीच मोडताना आवाज देत होती. इतकी वर्षं बोटिल्ड साखरेला एकच काम करणारी समजत होती आणि ती निघून गेल्यावर कळलं की घर तीच चालवत होती. आता हे बिस्कीट कडक नव्हतं म्हणून कडकांत बसत नव्हतं, आणि मऊंत ठेवावं तर ते केकही नव्हतं. टेबलावर त्याला जागाच नव्हती.

पुढचे घाणे तिनं हट्टानं केले. पांढरी पूड निम्म्यावर आणली तेव्हा जिभेचा गारठा गेला, पण चव अळणी झाली. मग चिमूटभर जास्त मीठ घातलं, दालचिनी घातली. इसबगोल कमी केला तर बिस्कीट उचलताना भुगा व्हायचं. जास्त झाला की चामडं. एकदा तिनं ओट आधी लोण्यावर कढईत परतले, खमंग वास सुटेपर्यंत, आणि घरभर सासू आल्यासारखं झालं. तिथून मार्ग सापडला. बिस्किटं भाजून झाल्यावर तिनं ओव्हन बंद केला, दारात लाकडी चमचा अडकवून ते किलकिलं ठेवलं आणि बिस्किटं आतल्या आत सुकू दिली. थंड झाल्यावर एक उचललं आणि मोडलं.

टक्.

आवाज तोच नव्हता, जरा बारीक होता. पण आवाज होता.

एवढं होऊनही निसच्या रक्तातली साखर मात्र तिचं ऐकेना. बोट टोचून तो यंत्रावर आकडा बघायचा आणि यंत्र तिच्याकडे सरकवायचा, जणू तिचीच परीक्षा होती. सोमवारी ठीक. मंगळवारी चढलेला. दोन्ही दिवशी तेच जेवण, तेच एक बिस्कीट. तिनं ओट आणखी कमी केले. बुधवारी ठीक, शुक्रवारी पुन्हा वर. तिनं मालेनेला विचारलं. मालेने म्हणाली, ओटच. नर्सला विचारलं, नर्स म्हणाली, "एका बिस्किटानं एवढं होऊ नये. आणखी काही खातात का?"

"काही नाही. माझ्या डोळ्यांसमोर असतात," बोटिल्ड म्हणाली.

डोळ्यांसमोर नसायचा तेव्हा तो मेताकडे असायचा. मेताचा नवरा लाउरिट्स जाऊन तीन हिवाळे झाले होते. तिच्या शेगडीची लाकडं निस फोडून द्यायचा, टोपलीत भरून आत नेऊन ठेवायचा. यात लपवण्यासारखं काही नव्हतं. रस्ता ओलांडला की तिचं घर. मेता आणि बोटिल्ड यांचं मात्र बेताचंच होतं. सासू गेली त्या वर्षी मेता भर हॉलमध्ये म्हणाली होती, "बिस्किटं चांगली आहेत हो, पण म्हातारीचा हात म्हातारीबरोबर गेला." बोटिल्डनं ते वाक्य डब्यात घालून झाकण लावून ठेवलं होतं.

एका मंगळवारी दवाखान्यातून निसला फोन आला आणि त्याला बोलवायला म्हणून बोटिल्ड रस्ता ओलांडून गेली. मेताचं स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. निस टेबलाशी बसला होता, पुढ्यात कॉफी होती आणि त्याच्या करंगळीत लहान मुलं घालतात तसं व्हॅनिलाचं कडं होतं. अर्धं खाल्लेलं.

"ये गं," मेता म्हणाली. "तुझा नवरा बघ, माझ्याकडे कधी नाही म्हणत नाही. तुझ्याकडे म्हणतो वाटतं?"

निसनं बोटिल्डकडे पाहिलं. त्या बघण्यात विनवणी होती. 'बोलू नकोस.' बोटिल्डच्या जिभेच्या टोकावर जे आलं होतं ते तिनं गिळलं.

"फोन आहे तुला," ती म्हणाली. "उरलेलं खा आणि ये."

तो मेताकडे जातो हे तिला ठाऊक होतं. तो तिच्याकडे खातो हे नव्हतं. आणि दोन्हीपैकी कशाचा राग जास्त येतोय हे तिला घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

घरी मात्र तिनं झाकण उघडलं. "मी इथं ओट चिमटीनं मोजतेय, आणि तू तिथं लोणी-साखर अंगठीसारखी घालून बसतोस?"

"पुढ्यात ठेवलं तर काय करू?"

"नको म्हण!"

"दुसऱ्याच्या घरात? पुढ्यात आलेलं?" निस खरोखर चक्रावला. "आईनं असं शिकवलं नाही मला. तुलाही नाही शिकवलं कुणी. आणि नको म्हटलं की मेता विचारणार, का नको?"

"मग सांग की का नको ते! बरं, ते राहू दे. मेताला नाही म्हणता येत नाही तर निदान गुरुवारी चल. तिथं तुझ्यासाठी माझी बिस्किटं आहेत. महिना झाला, मी कशासाठी मरतेय? आता आवाजसुद्धा येतो त्यांना."

निस हळूच म्हणाला, "बोटिल्ड, हॉलमध्ये आपल्याच घरचं कोण घेतं?"

ती खुर्चीवर बसली.

खरंच, कोण घेतं? कुणीच नाही. टेबलावर ताटल्या फिरतात तेव्हा आपल्या घरची ताटली आली की ती तशीच पुढे द्यायची. आपणच आपलं घेणं म्हणजे एकतर बढाई, नाहीतर दुसऱ्यांचं आवडलं नाही असं तोंडावर सांगणं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, जसं चमचा कुठल्या हातात धरायचा हे कुणी शिकवलेलं आठवत नाही. तिनं स्वतः इतक्या वर्षांत त्या टेबलावर एकदाही आपलं बिस्कीट उचललं नव्हतं. चौदा ताटल्यांत निसला चालेल अशी एकच ताटली तिनं महिनाभर खपून तयार केली होती, आणि नेमकी तीच एक त्याला चालणार नव्हती.

"मग तू सांगितलं का नाहीस?" तिनं विचारलं.

"मला वाटलं घरी खायला करतेस."

यावर हसावं की रडावं हे तिला कळेना, म्हणून तिनं ओव्हन पुसायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पत्र्याचा डबा घेऊन मेताच्या दारात उभी राहिली. निस मागच्या अंगणात लाकडं फोडत होता; कुऱ्हाडीचा आवाज येत होता. मेतानं डब्याकडे पाहिलं, मग बोटिल्डच्या तोंडाकडे.

"काय झालं? भांडायला आलीस की काय, नाश्त्याच्या आधी?"

"उद्या गुरुवारी," बोटिल्ड म्हणाली, "ही बिस्किटं तू ने. तुझ्या ताटलीत, तुझी म्हणून. आणि तुझी कडी मी करून आणते, माझी म्हणून."

मेतानं हातातला कप खाली ठेवला. "काय?"

"ऐकलंस तू."

"माझ्या आजीपासून आमच्याकडे कडी आहेत."

"आणि माझ्या सासूपासून आमच्याकडे ही."

"मग डोकं फिरलंय का तुझं? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. का ते मात्र विचारू नकोस. मी सांगणार नाही."

मेतानं डबा उघडला, एक बिस्कीट घेतलं, मोडलं. टक्. तोंडात घातलं. चावता चावता थांबली. मग कुऱ्हाडीच्या आवाजाकडे तिची मान वळली.

"यात साखर नाही," ती म्हणाली.

बोटिल्डनं डबा तिच्याकडे आणखी सरकवला.

"लाउरिट्सला बारा वर्षं साखर होती." मेतानं डब्याचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. "कुणाला सांगू द्यायचा नाही. गुरुवारी सगळ्यांचं खायचा आणि शुक्रवारी अंथरुणाला खिळायचा. मी घरात त्याच्यासाठी वेगळं करायचे, पण त्याचा काय उपयोग? घरचं घरीच राहायचं." ती एकदम उठली. "आणि मी त्या गाढवाला येईल तेव्हा कडी खायला घालतेय! तुला बोलता येत नव्हतं काल?"

"तो बघत होता माझ्याकडे."

"बघतात. बघण्यात पटाईत असतात." मेतानं फडताळातून व्हॅनिलाची शेंग काढून टेबलावर आपटली. "हे घे. बदाम अगदी बारीक किस, नाहीतर कडं तुटतं. लोणी थंड. आणि जाड करू नकोस, तुझा हात जाड आहे."

"माझा हात जाड?"

"सासू म्हणायची तुझी. मी नाही."

मग तिनं मागचं दार उघडलं आणि अंगणात ओरडली, "निस! उद्या हॉलमध्ये आला नाहीस तर ही लाकडं तुझ्या डोक्यात घालीन. एल्नाच्या सुरात गाऊन माझा घसा बसलाय. आणि माझी ताटली उद्या रिकामी परत आली पाहिजे, ऐकलंस?"

कुऱ्हाड थांबली. "पाठ दुखतेय माझी," निसचा आवाज आला.

"लाकडं फोडताना नाही दुखत?"

कुऱ्हाड पुन्हा चालू झाली.

गुरुवारी हॉलमध्ये ताटल्या मांडायच्या वेळी एल्ना गोंधळली. टेबल मांडणं तिच्याकडे असतं आणि डोळे मिटूनही ती ते करू शकते. तिनं बोटिल्डचा डबा उघडला, आत कडी पाहिली, आणि डबा मेताच्या जागी ठेवला. मेताचा उघडला, आत ओटची बिस्किटं. तो बोटिल्डच्या जागी ठेवला. मग थबकली. डब्यांच्या झाकणांवरची नावं पाहिली, पुन्हा आत पाहिलं.

"डब्यांची अदलाबदल झाली तुमच्या," ती म्हणाली.

"नाही झाली," मेता म्हणाली. "ओटची माझी आहेत."

"तुझी कडी असतात."

"या वर्षी ओट."

"आणि बोटिल्डची कडी?" एल्नानं बोटिल्डकडे असं पाहिलं, जणू घरात कुणी वारलंय.

"हो," बोटिल्ड म्हणाली. सासूची बिस्किटं दुसरीच्या नावावर ठेवलेली तिला बघवेनात. ती तिथून सरळ कॉफीच्या किटल्या भरायला गेली.

निस दारात उभा होता, टोपी हातात, परत फिरावं की आत यावं या विचारात. मेतानं त्याला कोपराला धरून खुर्चीवर बसवलं. मऊ पदार्थ आले, त्यानं ते पुढे दिले. तेवढ्यावर कुणी काही म्हणत नाही, चौदाच्या चौदा कोण खातं? पण कडक आले, ताटल्या फिरत राहिल्या, आणि त्याची ताटली कोरीच होती. पलीकडचे दोघं-तिघं बघायला लागलेले बोटिल्डला किटलीआडून दिसले. घरच्या कड्यांची ताटली आली. त्यानं ती न बघता पुढे दिली. मागोमाग मेताची आली.

ती द्यायला त्याचा हात पुढे झाला आणि थांबला. त्यानं ताटलीत पाहिलं. मेताकडे पाहिलं. मेता छताकडे बघत होती. मग त्यानं किटल्यांच्या दिशेनं, बोटिल्डकडे पाहिलं, आणि कपाळाला अशी आठी घातली जशी टँकर उलटा घेताना आरशात घालायचा.

त्यानं एक बिस्कीट उचललं आणि मोडलं. आवाज टेबलाच्या या टोकापर्यंत आला.

"मेता, ओटची छान जमलीत गं," कुणीतरी म्हणालं. "जरा फिकट आहेत, पण कुरकुरीत."

"सवयीचा हात आहे," मेता जराही न लाजता म्हणाली.

"आणि बोटिल्डची कडी?"

"जाड झालीत," मेताच म्हणाली.

निसनं दुसरं बिस्कीट घेतलं आणि ते सावकाश, कॉफीबरोबर पुरवून पुरवून खाल्लं. मग गाण्यांची पुस्तकं उघडली गेली आणि त्यानं सूर लावला. इतक्या दिवसांनी लावल्यामुळे तो फारच खाली लागला. बायकांना पहिलं कडवं जवळजवळ कुजबुजावंच लागलं, पण शेवटपर्यंत कुणी गप्प झालं नाही.

घरी जाताना रस्ता निसरडा झाला होता म्हणून त्यानं तिचा दंड धरला. त्याला कळलंय की नाही? कळलं असेल तर मेताला सगळं समजलंय हेही कळलं असणार, आणि मग तो रागावलाय की काय? विचारावं, तर कळलं नसलं तरी कळायचं. ती तशीच चालत राहिली.

"मेताची बिस्किटं बरी होती," मध्येच तो म्हणाला.

"हो का?"

"तुझ्यासारखी नाहीत."

तिनं त्याच्याकडे बघितलं. टोपीखाली चेहरा नीट दिसत नव्हता.

स्वयंपाकघरात दिवा लावल्यावर त्यानं कोटाच्या खिशातून कागदी रुमालाची घडी काढून तिच्या पुढ्यात ठेवली. आत एक ओटचं बिस्कीट होतं, एका कडेला जरा तुटलेलं.

"मेतानं दिलंय तुझ्यासाठी," निस म्हणाला. "म्हणाली, बोटिल्डला सांग, दुसऱ्याच्या घरचं आहे, तेव्हा घ्यायला हरकत नाही. आणि पुढ्यात आलेलं नको म्हणायचं नसतं."

त्या बिस्किटाकडे बोटिल्ड बघत राहिली. ओट तिचे, लोणी तिचं, रीत सासूची, नाव मेताचं. ते आता नक्की कुणाचं, हे काही केल्या तिला सांगता येईना. तिनं ते मोडलं. मोठा तुकडा कुणाला द्यावा याचा क्षणभर विचार केला, आणि मग तो आपणच खाल्ला.